आधी काय बंद करायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आजचा विषय डेटा सेंटरमधल्या विजेचा आहे; पण सुरुवात मी आमच्या घरातल्या स्विचबोर्डापासून करणार आहे.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी २००६च्या सुमारास दिवसातले दहा-बारा तास भारनियमन असायचं. अण्णांनी पेन्शनच्या पैशातून इन्व्हर्टर घेतला. पहिल्याच आठवड्यात तो तासाभरात मान टाकू लागला, कारण दिवे गेल्यावरही कुणी काही बंद करत नसे. दूरदर्शन चालू, तिन्ही खोल्यांतले पंखे चालू, अंगणातला दिवासुद्धा चालू. आईनं मग एक दिवस आपल्या कपाळाच्या लाल टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि स्विचबोर्डावर चार बटणांवर चार टिकल्या लावल्या. माजघरातली ट्यूब, माजघरातला पंखा, देवघरातला छोटा दिवा आणि अण्णांचं वाफ घेण्याचं यंत्र. नियम एकच. वीज गेली की टिकली नसलेलं प्रत्येक बटण बंद करायचं आणि सगळ्यांनी माजघरात येऊन बसायचं. तोच इन्व्हर्टर त्यानंतर चार-साडेचार तास टिकू लागला.

मी तेव्हा पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरीला होतो. सुट्टीत घरी गेलो की या टिकल्यांना हसायचो. पुढे सात वर्षांनी माझ्यावर रडायची वेळ आली, ती टिकल्या नव्हत्या म्हणून.

डेटा सेंटर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, रेल्वेचं तिकीट काढतो, सातबारा पाहतो. त्या प्रत्येक वेळी कुठल्या तरी इमारतीतला एक संगणक आपलं काम करत असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. लोखंडी कपाटांत एकावर एक रचलेले असे शेकडो, हजारो सर्व्हर जिथे असतात, ते डेटा सेंटर. सर्व्हर जेवढी वीज खातो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णतेच्या रूपानं बाहेर टाकतो. दहा किलोवॉटचं एक कपाट म्हणजे दोन किलोवॉटचे पाच गीझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आज जी कपाटं बनतात, त्यांतली काही शंभर किलोवॉटच्याही पुढे गेली आहेत. म्हणून अशा इमारतीत वीज लागते दोन कामांसाठी : एक सर्व्हर चालवायला आणि दुसरी त्यांना थंड ठेवायला.

बाहेरची वीज गेली की पहिला भार बॅटऱ्या घेतात. या बॅटऱ्या तासन्‌तास पुरतील अशा नसतात. साधारण पाच ते पंधरा मिनिटं, एवढीच त्यांची ताकद. तेवढ्या वेळात डिझेल जनरेटर सुरू व्हावा आणि त्यानं भार उचलावा, ही अपेक्षा असते. बहुतेक वेळा तसंच होतं. पण पुष्कळ ठिकाणी बॅटरीवर फक्त सर्व्हर असतात, वातानुकूलन नसतं. म्हणजे अडचणीच्या वेळी एकदम दोन घड्याळं चालू होतात. एक बॅटरीचं आणि दुसरं तापमानाचं. पहिल्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. दुसऱ्याकडे कुणाचंच नसतं.

मे २०१३ मधली गोष्ट आहे. महिनाअखेर होती. मी पुण्याजवळच्या एका वित्तसंस्थेच्या डेटा सेंटरमध्ये पाळीप्रमुख होतो. सर्व्हर होते तीनशेच्या आसपास. दुपारी पावणेतीनच्या सुमारास बाहेरची वीज गेली. बॅटऱ्यांनी भार घेतला, वीस सेकंदांत जनरेटर धडधडला. सगळं सुरळीत झालं म्हणून आमच्यातला एक जण चहा सांगायलाही गेला. पाच-सहा मिनिटांनी आतून एक मुलगा आला आणि म्हणाला, "सर, आत गरम होतंय."

जनरेटर चालू होता. पण वातानुकूलन यंत्रणेचा स्टार्टर जळाला होता. बाहेर चाळीस अंशांचं ऊन. आतलं तापमान बाविसावरून तिसावर आलं होतं आणि पाव तासात ते अडतीसवर जाऊन पोचलं. आम्ही दारं उघडली, कँटीनमधले उभे पंखे आणून लावले. पण तीनशे सर्व्हरच्या भट्टीला चार पंखे कसे पुरणार? सर्व्हर बंद करणं भाग होतं. पण कुठले?

यादी नव्हती. मी फोन सुरू केले. प्रत्येक विभागाचं उत्तर एकच : "आमचं सोडून बाकीचं बंद करा." तापमान चढत होतं. शेवटी मी स्वतःच कपाटांवरची लेबलं वाचत फिरलो आणि ज्यावर 'चाचणी' असं लिहिलं होतं ती सगळी यंत्रं बंद करायला सांगितली. खरंतर तो निर्णय शहाणपणाचा वाटला होता. चाचणीची यंत्रं, त्यांच्यावर कुणाचं पोट अवलंबून असणार?

त्यातल्या एका जुन्या यंत्रावर मात्र निवृत्तिवेतनाच्या रकमा खात्यांत जमा करणारा कार्यक्रम चालत होता. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी 'तात्पुरता' म्हणून तो तिथे ठेवला होता आणि हलवायचा राहून गेला होता. संध्याकाळी वातानुकूलन दुरुस्त झालं, आम्ही एकेक यंत्र चालू केलं. ते जुनं यंत्र चालू झालं नाही. वर्षानुवर्षं न थांबता फिरणाऱ्या जुन्या डिस्क एकदा थांबल्या आणि थंड झाल्या की पुन्हा फिरत नाहीत, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव. बॅकअपवरून दुसऱ्या यंत्रावर सगळं उभं करेपर्यंत दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली.

त्या दिवशी तालुक्याच्या एका शाखेतून मॅनेजरसाहेबांचा फोन आला. ते रागावले नव्हते. एवढंच म्हणाले, "सकाळपासून तीस-चाळीस म्हातारी माणसं येऊन परत गेली. एक आजोबा तर औषधं उधार घेऊन गेले समोरच्या दुकानातून. त्यांना मी काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एक बटण दाबलं होतं आणि साठ-सत्तर किलोमीटरवर कुणाला तरी औषधासाठी उधारी करावी लागली होती. डेटा सेंटरच्या काचेआडून ही माणसं दिसत नाहीत, हीच खरी अडचण आहे.

त्यानंतर मी हा विषय नीट शिकलो. जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की 'चालू' आणि 'बंद' यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. सर्व्हर बंद करणं ही शेवटची पायरी.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे थांबू शकणारं काम थांबवणं. रात्रीचे अहवाल, बॅकअप, शोधासाठीच्या याद्या नव्यानं बनवणं, खरीखुरी चाचणीची कामं. ही दोन तासांनी झाली तरी कुणाचं बिघडत नाही. यंत्र तसंच राहतं, फक्त त्याच्यावरचं ओझं उतरतं.

पुढची पायरी म्हणजे यंत्राचा वेग कमी करणं. प्रोसेसर एका सेकंदात किती ठोके घेतो त्याला त्याची वारंवारता म्हणतात. त्याला लागणाऱ्या विजेचा बदलता भाग वारंवारतेच्या प्रमाणात आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग कमी केला की दाबही कमी करता येतो. समजा, दोन्ही वीस टक्क्यांनी खाली आणले, तर हिशेबानं तो भाग जवळपास निम्म्यावर येतो. प्रत्यक्षात एवढा फायदा मिळत नाही, कारण मेमरी, डिस्क, पंखे आपापली वीज घेतच असतात. तरीही फायदा चांगलाच होतो. मोटारसायकल ऐंशीनं न पळवता पन्नासनं चालवली तर उशीर थोडा होतो, पण पेट्रोल बरंच वाचतं, तसंच हे. आजच्या सर्व्हरना तर थेट सांगता येतं, की 'तू अमुक वॉटच्या वर जायचं नाहीस.' ग्राहकाचा पडदा अर्धा सेकंद उशिरा उघडतो. बंद पडण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

तिसरी पायरी आईची आहे : सगळ्यांनी माजघरात यायचं. २००७ साली गूगलमधल्या लुईझ बारोसो आणि उर्स हॉल्झल या दोन अभियंत्यांनी एक लेख लिहिला होता. त्यांनी दाखवून दिलं, की बहुतेक सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या दहा ते पन्नास टक्केच काम करत असतात. पण काहीही न करता नुसता बसलेला सर्व्हरसुद्धा त्याच्या कमाल विजेच्या साधारण निम्मी वीज खात राहतो. नंतरच्या यंत्रांत सुधारणा झाली, तरी रिकाम्या सर्व्हरचं खाणं संपलेलं नाही. तीन खोल्यांत तीन माणसं आणि तीन पंखे, असा हा प्रकार. म्हणून दहा यंत्रांवर विखुरलेली कामं चार यंत्रांवर गोळा करायची आणि सहा यंत्रं बंद करायची. आजकाल चालू काम न थांबवता ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येतं. मात्र या हलवाहलवीलाही वेळ आणि वीज लागते. बॅटरीची आठ मिनिटं उरलेली असताना हा उद्योग करू नये. जनरेटर चालू आहे आणि डिझेल पुरवायचं आहे, अशा वेळी तो जरूर करावा.

आणि अगदीच इलाज नसेल तेव्हा बंद करणं. तेही क्रमानं. ग्राहकाशी बोलणारी यंत्रं आधी, त्यामागची नोंदी ठेवणारी यंत्रं नंतर आणि ज्या साठवणीवर त्या नोंदी लिहिल्या जातात ती सगळ्यात शेवटी. उलट केलं तर लिहिणारा लिहीत राहतो आणि वही मिटलेली असते. चालू करताना हाच क्रम उलटा. आणि सगळं एकदम चालू करायचं नाही. सुरू होताना यंत्रं, विशेषतः फिरत्या डिस्क, नेहमीपेक्षा जास्त वीज ओढतात. वीज आल्या आल्या गावातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की रोहित्र का जळतं, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

काही गोष्टींना हातही लावायचा नाही. यंत्रांना एकमेकांचे पत्ते सांगणारी सेवा, आत शिरण्यासाठी ओळख तपासणारी सेवा, जाळ्याची उपकरणं आणि तापमान-वीज दाखवणारी देखरेख. ही यंत्रं वीज थोडी खातात. पण ती गेली की आपण आंधळे होतो आणि बाकीची दुरुस्तीही करता येत नाही.

आता फायद्याचा हिशेब. भार निम्मा केला की बॅटरी दुपटीहून थोडी जास्तच टिकते, कारण बॅटरी सावकाश वापरली तर ती एकूण जास्त वीज देते. डिझेलचं जरा वेगळं आहे. निम्म्या भारावर जनरेटर तितकासा काटकसरी नसतो, म्हणून टाकी दुपटीपेक्षा थोडी कमी पुरते. आणि पंख्यांचा हिशेब तर लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. खोली तापली की सर्व्हरचे छोटे पंखे जोरानं फिरू लागतात, त्यांनाच जास्त वीज लागते आणि त्या विजेचीही पुन्हा उष्णता होते. म्हणून भार कमी करायचा तर पहिल्या दोन-तीन मिनिटांत. पंधराव्या मिनिटाला केलेली काटकसर ही काटकसर राहत नाही, ती पळापळ होते.

जगात अशा पळापळीची उदाहरणं कमी नाहीत. २९ ऑक्टोबर २०१२च्या रात्री न्यू यॉर्कला सँडी वादळानं झोडपलं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला ७५, ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत डेटा सेंटर होतं. जनरेटर होता सतराव्या मजल्यावर, म्हणजे सुरक्षित. पण त्याला डिझेल चढवणारे पंप तळघरात होते आणि तळघरात पाणी शिरलं. मग तिथली माणसं आणि स्क्वेअरस्पेस, फॉग क्रीक अशा ग्राहक कंपन्यांची माणसं साखळी करून जिन्यानं डिझेलच्या बादल्या सतराव्या मजल्यावर नेत राहिली, तेही काही दिवस. त्यांच्या जिद्दीचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं. पण मी जेव्हा ती हकिकत वाचली तेव्हा माझ्या मनात आलं, की अशा वेळी रिकामा चालणारा एकेक सर्व्हर म्हणजे कुणाच्या तरी हातातली जास्तीची बादली असते.

दुसरं उदाहरण लंडनचं. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा इतिहासात पहिल्यांदा चाळीस अंशांच्या वर गेला. आपल्याला चाळीसचं काय कौतुक! पण तिथली यंत्रं त्या उन्हासाठी बांधलेली नव्हती. गूगलच्या तिथल्या एका केंद्रात शीतकरण बिघडलं. यंत्रांचं नुकसान आणि जास्त काळची खोळंबा टाळण्यासाठी त्यांनी आपणहून काही भाग बंद केला आणि 'गरज पडल्यास काढून घेऊ' या अटीवर स्वस्तात दिली जाणारी यंत्रं नव्यानं देणं रोखलं. म्हणजे कुणाला आधी थांबवायचं हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. त्याच दिवशी लंडनच्या गाइज अँड सेंट थॉमस या मोठ्या रुग्णालयसंस्थेची दोन्ही डेटा सेंटर्स उष्णतेनं बंद पडली. डॉक्टर कागदावर आले, रुग्णांच्या जुन्या नोंदी दिसेनात, ठरलेले उपचार पुढे ढकलावे लागले आणि सगळं पूर्वपदावर यायला काही आठवडे लागले.

आपल्याकडची आठवण १२ ऑक्टोबर २०२०ची. सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. काही भागांत वीज यायला रात्र झाली. शेअर बाजारांचे व्यवहार मात्र चालू राहिले. ती त्या बॅटऱ्यांची आणि जनरेटरांची पुण्याई होती आणि सरावाचीही.

आता जरा वेगळ्या बाजूनं पाहू. आतापर्यंत मी आणीबाणी डेटा सेंटरची आहे असं धरून बोललो. पण आणीबाणी सगळ्या ग्रिडची असेल तर? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातल्या डेटा सेंटर्सनी ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून जास्त होईल असं तीच संस्था म्हणते. देशातल्या डेटा सेंटर्सचा सगळ्यात मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे. भारनियमनाच्या काळात गाव आधी अंधारात जायचं आणि शहर नंतर, हे आपण पाहिलेलं आहे. उद्या विजेची ओढाताण झाली तर आधी कुणाचं बटण बंद होणार?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं २०२५ मध्ये याबद्दल कायदा केला. ७५ मेगावॉट किंवा त्याहून मोठ्या नव्या वीजग्राहकांचा भार ग्रिडच्या आणीबाणीत कमी करता येईल, अशी सोय त्यात मागितली आहे. त्याच वर्षी गूगलनं अमेरिकेतल्या दोन वीजकंपन्यांशी करार केले, की गरज पडेल तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेची काही कामं मागे सारून आम्ही वीज कमी घेऊ. मला हे योग्य वाटतं. एखाद्या यंत्राचं शिक्षण दोन तास थांबलं तर ते बिघडत नाही. दवाखान्यातलं शीतकपाट थांबलं तर लस बिघडते. ज्याला थांबता येतं त्यानं थांबावं, हा साधा शेजारधर्म आहे.

पुन्हा माझ्या खोलीकडे येतो. त्या प्रसंगानंतर आम्ही यादी करायला बसलो. सगळ्या विभागांना विचारलं, 'तुमचं काम किती महत्त्वाचं?' पहिल्या यादीत जवळपास सगळेच 'अत्यंत महत्त्वाचे' निघाले. स्वतःचं काम कमी महत्त्वाचं आहे, असं कोण लिहून देईल? मग आम्ही प्रश्न बदलला. विचारलं, 'तुमचं काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल आणि बंद राहिलं तर दारात कोण येऊन उभं राहील?' आता खरी उत्तरं आली. कुणी म्हणालं दहा मिनिटं, कुणी चार तास, कुणी सोमवारपर्यंत. आणि दारात कोण येईल, हे लिहिताना लोक आपोआप विचार करू लागले. त्यातूनच आणखी दोन 'तात्पुरती' कामं चाचणीच्या यंत्रांवर बसलेली सापडली.

मग प्रत्येक सर्व्हरवर रंगीत चिकटपट्टी लागली. हिरवी आधी, पिवळी नंतर, लाल शेवटी. दर तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी सराव. पहिल्या सरावात हिरवी यंत्रं उतरवायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. चौथ्या सरावापर्यंत ते काम सहा मिनिटांवर आलं. वर्षभरानं वातानुकूलन पुन्हा एकदा बंद पडलं. पाळीवरच्या मुलानं मला फोन केला तो सांगायला, विचारायला नाही. "सर, हिरवी उतरवली, तापमान एकोणतीसवर थांबलंय." तालुक्यातून त्या दिवशी कुणाचा फोन आला नाही.

ही सगळी हकिकत मी गावी गेल्यावर आईला सांगितली. चिकटपट्ट्यांचं ऐकून ती म्हणाली, "हे शिकायला तुला एवढा पगार देतात होय?" तिच्या स्विचबोर्डावर अजून टिकल्या आहेत. अण्णा गेले, वाफेचं यंत्र गेलं. त्या बटणाची टिकली तिनं काढून फ्रिजच्या बटणावर लावली आहे, कारण आता त्यात तिचं इन्सुलिन असतं. यादी एकदा करून भागत नाही, ती बदलत ठेवावी लागते, हा धडा मी तिच्याकडूनच घेतला.

आपल्याही घरात, दुकानात, दवाखान्यात, सोसायटीत कुठे ना कुठे बॅटरी किंवा जनरेटर असेलच. वीज असताना, डोकं थंड असताना, पाच मिनिटं काढा आणि ठरवून ठेवा, की आधी काय बंद करायचं. अंधारात घेतलेला निर्णय बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनं जातो. औषधं उधार घेणाऱ्या आजोबांचा आवाज आमच्या खोलीपर्यंत पोचत नव्हता.